पहिला घोट वस्तादांचा

दोष शिदराम वस्तादांचा होता. हे पहिल्याच ओळीत लिहितो. गावातले लोक अजून दोष नशिबाला देतात, दिल्लीवाल्यांना देतात, इंद्रजितच्या तोंडाळपणाला देतात. वस्तादांना कुणीच देत नाही.

“आता तरी बोला वस्ताद. किती जण घेतात?”

इंद्रजित गोरडनं हे विचारलं तेव्हा सकाळचा पळण्याचा सराव संपला होता. आम्ही पोरं मठामागच्या ओट्यावर दुधाची वाट बघत बसलो होतो. तो बऱ्याच दिवसांनी भैरोबाच्या माळावर आला होता. पायात एरवीच्या पळायच्या बुटांऐवजी चपला. इंद्रजितला चपलांत आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

वस्ताद चुलीपुढे होते. पातेल्यातलं दूध पळीनं ढवळत होते.

“बस,” ते म्हणाले.

“बसायला नाही आलो.”

“मग उभा ऱ्हा.”

माझ्या शेजारचा तुळशीदास हसला. मग त्याला कळलं की हसायचं नव्हतं.

वस्ताद एकेकाळी सैन्याकडून दहा हजार मीटर पळायचे. लग्न केलं नाही. मठाच्या मागच्या खोलीत राहायचे, पोरांकडून फी घ्यायचे नाहीत. एक घोंगडं, एक शिट्टी, एक पातेलं, एवढाच संसार. अशा माणसाला आमच्याकडे लोक चटकन साधू करून टाकतात. वस्ताद कधी खोटं बोलत नाहीत, असं सगळे सांगायचे. मुळात ते बोलायचेच कमी.

त्यांचा एक रिवाज होता. सरावानंतर हळद आणि सुंठ घातलेलं दूध ते पोरांना स्वतःच्या हातानं द्यायचे. प्रत्येक पेल्यातला पहिला घोट स्वतः घ्यायचे, मग पेला पुढे करायचे. गुरूचं उष्टं. त्याचा अर्थ सरळ होता. जे माझ्या पोटात गेलं, तेच तुझ्या पोटात जातंय.

इंद्रजित दुसऱ्या कुणाच्या हातचं काही घ्यायचा नाही. शिबिरात वाटलेली पावडर नाही, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी नाही. खोकला झाला तरी गोळी नाही, खोकत पळायचा. स्पर्धेच्या गावी कुणी प्रसाद दिला तर हात जोडून घ्यायचा आणि कोपऱ्यावर कुत्र्याला घालायचा. फक्त वस्तादांचं दूध तो डोळे मिटून प्यायचा.

तोंडाळ तर होताच. साहेबलोक म्हणायचे, शंभरात दोन-चार पोरं दम वाढवायचं बंदीचं औषध घेताना सापडतात. हा म्हणायचा, सापडतात दोन-चार, घेतात नव्वद. तपासणीची गाडी मैदानात शिरली की निम्म्या पोरांचे पाय कसे अचानक मुरगळतात, संडासाच्या मागे सुया कशा पडलेल्या असतात, हे तो साहेबांच्या तोंडावर सांगायचा. आम्ही त्याला टक्केसाहेब म्हणायचो.

मग राष्ट्रीय स्पर्धेत तो दहा हजार मीटरला पहिला आला. शेवटच्या फेरीत असा सुटला की बाकीचे उभे असल्यासारखे दिसले. नियमाप्रमाणे त्याची तपासणी झाली.

त्याच्या लघवीत औषध सापडलं.

“तू काय म्हणायचास?” वस्तादांनी त्या सकाळी चुलीपुढून उलट विचारलं. “किती जण घेत्यात?”

“नव्वद. म्हणजे सगळेच.”

“आन् मी?”

“तुम्ही म्हणायचात, दोन-चार नासके. बाकीची पोरं गुणाची.”

“मग कुणाचं खरं निघालं?”

इंद्रजितनं खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा वर सरकवला.

“तुझंच की रं.”

“मी सोडून सगळे, असं म्हणत होतो मी.”

“हं…” वस्तादांनी पळी पातेल्याच्या काठावर आपटली. “तेवढंच चुकलं.”



“वस्ताद, मी काही घेतलेलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या हातच्या दुधाशिवाय माझ्या पोटात परकं काही गेलेलं नाही.”

“ठाऊक हाय.”

“परवा दिल्लीत सुनावणी आहे. आज संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत. तुम्ही चला. तिथं बसून एवढंच सांगा, की पोराला माहीत नव्हतं. वकील म्हणतो, तुम्ही सांगितलंत तर मी परत पळू शकतो. नाहीतर चार वर्षांची बंदी. मग खेळाडू म्हणून मिळणाऱ्या नोकरीचंही विसरायचं.”

वस्ताद गप्प…

आमच्याकडे म्हातारा गप्प बसला की त्याला मौन म्हणतात. पोरगं गप्प बसलं की त्याला उत्तर येत नसतं.

“मी तिथं बोललो तर ह्या पोरांचं काय व्हईल?” बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

“मी ह्या पोरांतलाच आहे.”

“व्हतास.”

इंद्रजितचा चेहरा उतरला. तरी आवाज चढवला नाही त्यानं. अजून त्याला वाटत होतं, म्हातारा येईल.

“मला मिसरूडही नव्हतं तेव्हा आलो तुमच्याकडं. तुमचे पाय दाबलेत मी.”

“म्हणून तर सांगतो, ऐक. आग लागली की एक खोली जळू द्यावी. घर वाचवावं.”

एरवी हे ऐकून आम्ही माना डोलावल्या असत्या. त्यांची असली वाक्यं आम्ही मोबाईलच्या स्टेटसला ठेवायचो. खाली हात जोडल्याचं चित्र.

इंद्रजितनं विचारलं, “आग कुणी लावली?”

वस्तादांनी पेला उचलला. त्यात दूध ओतलं, रोजच्यासारखा पहिला घोट घेतला आणि पेला इंद्रजितपुढे धरला.

“पी.”

तुळशीदास माझ्या कानाशी लागला. “बघ, आधी स्वतः प्यायले की नाही? काही असतं तर प्यायले असते का?”

हे तो खरंच म्हणाला. आम्ही सगळे वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो होतो.

इंद्रजितनं ते ऐकलं.

“तुळश्या,” तो म्हणाला, “ह्यांची तपासणी कोण करतंय रे?”

एवढी साधी गोष्ट. तपासायचे ते पळणाऱ्याला. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं पेलाच काय, पातेलं रिकामं केलं असतं तरी त्याच्यापुढे लघवीसाठी बाटली धरायला कोण येणार होतं?

इंद्रजितनं पेला घेतला. पण प्यायला नाही. खांद्यावरच्या पिशवीतून त्यानं रिकामी बाटली काढली आणि दूध तिच्यात ओतलं. थोडं बोटांवर सांडलं. बाटलीचं झाकण दोनदा आवळलं.

“ही दिल्लीला नेतो. तुम्ही नाही आलात तरी चालेल. जे बोलायचं ते ही बोलेल.”

मला वाटलं, आता वस्ताद उठतील. बाटली हिसकावतील, निदान शिवी तरी हासडतील. ते तुळशीदासचा पेला भरायला लागले. भरला, घोट घेतला, त्याच्या हातात दिला.

“ने की,” ते म्हणाले. “आजच्यात काय न्हाई.”

…

तुळशीदासचा पेला ओठांपाशी थांबला.

“आजच्यात,” इंद्रजित म्हणाला.

“आज कुठं रेस हाय?”

आज रविवार, आज शाळा नाही, असं लहान पोराला सांगावं तसं ते म्हणाले. आवाजात लाज नव्हती. राग असता तरी मला बरं वाटलं असतं.

“कधीपासून?”

“तू टक्के सांगाय लागलास तवापासून.”

“म्हणजे?”

“तूच यायचास की स्पर्धेवरनं. वस्ताद, नव्वद घेत्यात, वस्ताद, समदी मैदानं नासली. रातभर झोप न्हाई यायची मला. नव्वद जण औषध घिऊन पळणार, आन् माझं पोर त्यांच्या मागं नुसतं हळद पिऊन सोडू व्हय?”

“तुम्ही तर दोन-चार म्हणायचात! सगळ्यांपुढे म्हणायचात!”

“ते साहेबांपुढं.” वस्तादांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “घरात तुझंच खरं मानलं.”

इंद्रजित ओट्याच्या पायरीवर बसला. इतका वेळ उभा होता, तो बसला.

“मला विचारायचंत तरी.”

“तू घेतलं असतंस?”

“नाही.”

“मग काय विचारायचं?”

म्हाताऱ्यांची ही तऱ्हा मी घरात पाहिलीय, कॉलेजात पाहिलीय. नाही म्हणेल अशी ज्याची खात्री असते, त्याला ते विचारतच नाहीत. वरून म्हणतात, तुझ्यासाठीच केलं.

इंद्रजित हातातल्या बाटलीकडे बघत होता.

“मग ती शेवटची फेरी…”

“झकास पळलास.”

“त्यातला माझा किती?”

वस्ताद पळी पुसायला लागले.

“टक्क्यांत सांगा.”

कुणी हसलं नाही. मी खाली बघत होतो. मला वाटतं, दिल्ली, बंदी, नोकरी, सगळं त्या क्षणी त्याच्या डोक्यातून गेलं होतं. त्याला एवढंच हवं होतं. कुठलाही आकडा चालला असता. निम्मा म्हणाले असते तर निम्मा घेऊन तो माळ उतरला असता.

वस्तादांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

इंद्रजित थांबला… अजून थांबला. मग उठला. बाटली पायरीवर तशीच ठेवली. ती नेऊन तरी काय करणार होता? वस्तादांच्या पाया पडायला तो सवयीनं वाकला, अर्ध्यात सरळ झाला आणि निघून गेला. चपलांचा फटक फटक आवाज उतारावर बराच वेळ येत होता.

मी आणि आणखी दोघं त्या दिवशी माळ उतरलो ते परत गेलो नाही. बाकीचे थांबले. तुळशीदासनं पेला संपवला. “आजच्यात काही नाही म्हणालेत ना,” तो म्हणाला.

मीही ते दूध प्यायचो. स्पर्धेच्या दिवशीही प्यायचो. माझी तपासणी कधी झाली नाही, कारण तपासणी पुढे येणाऱ्यांची होते आणि मी कधी पुढे आलो नाही. साहेबलोकांच्या हिशोबात मी स्वच्छ धरलेला आहे. किती जण घेतात यावर ते अजून वाद घालतात. घालू देत.

इंद्रजित दिल्लीला एकटा गेला. शेजारची जागा रिकामी ठेवून. आम्ही तिघांनी काय ऐकलं ते लिहून दिलं होतं. तुळशीदासनं आणि बाकीच्यांनी लिहून दिलं की असं काही बोलणं झालंच नाही. ते आमच्यापेक्षा जास्त होते.

सुनावणी घेणाऱ्या पॅनेलनं वस्तादांना फोन लावला. ते म्हणाले, माझ्याकडं पोरांना फक्त दूध मिळतं साहेब, आणि तेही मी आधी पिऊन बघतो. पॅनेलवरच्या एका वयस्कर गृहस्थांना ते ऐकून भरून आलं म्हणे. असे गुरू आता राहिले नाहीत, असं त्यांनी इंद्रजितला ऐकवलं. आणि असल्या माणसाचं नाव घेतल्याबद्दल झापलं.

चार वर्षांची बंदी झाली.

पुढच्या वर्षी तालुक्यानं वस्तादांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. दुसऱ्या दिवशी ते मला एसटी स्टँडवर बाकावर बसलेले दिसले. शाल खांद्यावर होती, घडी अजून मोडलेली नव्हती. मी समोर जाऊन उभा राहिलो. नमस्कार केला नाही.

“इंद्रजितकडं गेला होतात का?” मी विचारलं.

“गेलो व्हतो. दार उघडलं न्हाई त्यानं.”

“बरं केलं.”

“व्हय,” ते म्हणाले. “बरं केलं.”

“तुम्हाला लाज नाही वाटत वस्ताद?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत राहिले… फलाटाला एक गाडी लागली, भरली, निघून गेली. ती त्यांचीच होती की नव्हती, कुणास ठाऊक. ते उठले नाहीत.

“तो तसाही पैला आला असता,” वस्ताद म्हणाले. “आता पळत न्हाई.”