ब्याऐंशीवं पान

"एक पान, गुरुजी! फक्त एक पान राहिलंय. आणि ते ती उलटत नाही. आता तुम्हीच सांगा, या पोरीचं मी करू तरी काय?"

कादर गुरुजींनी मान वर केली नाही. तालुक्याच्या वाचनालयाच्या ओसरीवर ते फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवत बसले होते. बोटं खळीनं भरली होती.

समोर उभा होता धनंजय ताथोड. कधीकाळचा त्यांचाच विद्यार्थी, आता गावातल्या शाळेत शिक्षक. मुलांचं अवांतर वाचन सॉफ्टवेअरवर आणणारा जिल्ह्यातला पहिला. त्याबद्दल त्याचा सत्कार झाला होता, आणि ती गोष्ट तो सहसा दुसऱ्या वाक्यात सांगत असे. आज विसरला.

"कोण पोरगी?"

"सुगंधा इंगळे. सहावीतली. टॅबवर पुस्तक वाचते. त्र्याऐंशी पानांचं. ब्याऐंशी पानं तीन दिवसांत वाचली. आणि गेले अठरा दिवस... तिथंच!"

"बरं."

"बरं काय, गुरुजी? वर्गात एकोणचाळीस मुलं. अडतीस जणांच्या नावापुढं हिरवी खूण आली. हिच्यापुढं पिवळी. हिच्यामुळं सगळा वर्ग पिवळा दिसतो! सॉफ्टवेअर रोज तिला सांगतं, शाब्बास, एकच पान उरलं. रोज मला कळवतं, विद्यार्थिनीकडे लक्ष द्या. अजून किती लक्ष देऊ?"

"काय काय केलंस?"

"समजावलं. रागावलो. मधल्या सुट्टीत टॅब घेऊन बसवलं, तर डोळे मिटून बसली. का वाचत नाहीस विचारलं तर म्हणते, सर, नको ना..."

धनंजय थांबला. मग खाली बघत म्हणाला,

"आज मीच ते पान सरकवायला बोट पुढं केलं. तिनं माझं मनगट धरलं, गुरुजी. सगळ्या वर्गासमोर. आणि रडायला लागली. म्हणजे मी तिला मारलंय की काय!"

गुरुजींनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"त्या पानावर काय आहे?"

"गोष्टीचा शेवट."

"काय शेवट?"

"मला काय ठाऊक! एकोणचाळीस मुलांची पुस्तकं मी वाचत बसू? सॉफ्टवेअर कशासाठी आणलंय मग?"

"गोष्ट कशाची, तेवढं तरी?"

धनंजयनं मोबाइल काढला. यादी वरखाली केली.

"धनगराची पोर आणि आंधळी शेळी. पातळी तिसरी. वाचनाला लागणारा वेळ पन्नास मिनिटं."

गुरुजी उठले. नळावर हात धुतले, धोतराला पुसले. आत गेले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक पातळ पुस्तक होतं.

"वाच."

"गुरुजी, साडेपाचची शेवटची एसटी आहे माझी."

"मग लगेच सुरू कर."

"अहो, मी तुमच्याकडे उपाय विचारायला आलोय!"

गुरुजींनी पुन्हा ब्रश हातात घेतला. धनंजय चरफडत बाकावर बसला. पहिली आठ-दहा पानं त्यानं अशी उलटली, की गुरुजींना दोनदा म्हणावं लागलं, "हळू. फाटेल."

नंतर म्हणावं लागलं नाही.

शेळीला दिसत नव्हतं. पोरीनं तिच्या गळ्यातली घंटी सोडून स्वतःच्या पायात बांधली होती. पोर पुढं चाले, घंटी वाजे, शेळी आवाजामागं येई. माळावरून, ओढ्यातून, एकदा तर भर बाजारातून. पण उन्हाळा सरला की पोरीला मावशीकडं जायचं होतं, शहरात, शाळेसाठी. शेळी तिथं चालणार नव्हती.

नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली, निघून गेली. धनंजयनं ऐकलं नसावं.

ब्याऐंशीव्या पानावर पहाट होती. मावशीचा माणूस अंगणात येऊन उभा होता. पोर उंबऱ्यात बसून पायातली घंटी सोडत होती. गाठ सुटत नव्हती. शेळी कान टवकारून...

धनंजयचं बोट पानाच्या कोपऱ्यावर गेलं. तिथंच राहिलं.

गुरुजींनी आणखी एका पुस्तकाची पाठ चिकटवली. वर वजन ठेवलं.

"गुरुजी... शेळीचं काय होतं हो?"

"मला काय विचारतोस? पुस्तक तुझ्या हातात आहे."

धनंजयनं कोपरा उचलला. खाली ठेवला. एकदम उठून ओसरीच्या कडेला गेला. रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. परत आला, बसला.

"हे काय लावलंय मी!" तो स्वतःवरच वैतागला. "लहान पोरांचं पुस्तक आहे."

गुरुजींनी पुढचं फाटकं पुस्तक ओढलं.

"पण शुक्रवारी शिक्षणाधिकारी येणार आहेत. त्यांना काय सांगू? सॉफ्टवेअरमध्ये दोनच खुणा आहेत. हिरवी आणि पिवळी. अठरा दिवस एका पानावर बसलेल्या पोरीला मी कुठली खूण देऊ?"

"पिवळी राहू दे."

"म्हणजे वर्ग मागं दिसणार."

"दिसू दे."

पुस्तक धनंजयनं मिटलं नव्हतं. अंगठा अजून पानात होता.

"आणि तिला?" त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता. "उद्या सकाळी ती समोर येईल. माझ्याकडे बघणारही नाही... तिला काय सांगू, गुरुजी?"

गुरुजींनी खळीचं भांडं झाकलं.

"तू कुठवर वाचलंस, ते सांग."