देवदूताच्या तोंडाचा वास

करवंदगडच्या राजेसाहेबांनी पिंपात काठी बुडवली, वर काढून पाहिली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. अस्सल स्कॉच व्हिस्कीचं काठोकाठ भरलेलं पिंप, आणि त्यातली पाव व्हिस्की गायब!

हे पिंप म्हणजे राजेसाहेबांचा जीव की प्राण. त्यांचे स्कॉटलंडचे दोस्त मॅकलीन साहेब यांनी मायदेशी परतल्यावर, तीन वर्षांपूर्वी, ते बोटीनं भेट धाडलं होतं. एवढी मोलाची चीज तळघरात कशी ठेवायची? तिथं तर कांदे-बटाटे! म्हणून राजेसाहेबांनी ते वरच्या जामदारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली, जरीच्या पोशाखांशेजारी मानानं बसवलं होतं. युवराजांच्या लग्नापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम होता. जामदारखान्याची किल्ली एकट्या दौलू आबदाराकडे. सरकारांचं पाणी, सरबत आणि मद्य सांभाळण्यात दौलूचा जन्म गेला होता, पण दारूचा थेंब त्यानं कधी जिभेला लावला नव्हता.

"किल्ली ज्याच्यापाशी, तोच चोर!" राजेसाहेब गरजले.

"सरकार, मॅकलीन साहेबच सांगत हुते न्हवं का," दौलू चाचरत म्हणाला, "पिंपातली थोडी थोडी दरसाल देवदूत येऊन पितात म्हून..."

ही कथा तर राजेसाहेबांची लाडकी! मेजवानीत पेला हातात आला की ते ती रंगवून सांगत. औषध म्हणून दारू गाळणारे मठातले साधू, शिपायांच्या नाकासमोरून तिरडीवर पिंप नेणारे चोरटे व्यापारी, आणि शेवटी देवदूतांचा वाटा. पाहुणे टाळ्या पिटत. पण पाहुण्यांपुढची कथा वेगळी आणि स्वतःचं पिंप वेगळं!

"बरं, देवदूत प्याला म्हणतोस? मग उद्या दिवस मावळायच्या आत त्याला आमच्यापुढं हजर कर. आम्ही त्याच्या तोंडाचा वास घेऊ! नाही जमलं तर बिऱ्हाड उचल आणि संस्थानाची हद्द सोड!"

दौलू घरी आला तो भिंतीला टेकून बसला.

"हद्दीचं काय न्हाई गं," तो लेकीला म्हणाला, "पण चारचौघांत चोर म्हनले मला."

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बापानं उभा जन्म दुसऱ्यांचे पेले भरले, त्याला चोर? ती तणतणत उठली आणि बापासाठी पाणी घ्यायला माठाकडे गेली. बघते तो काय, सकाळी गळ्यापर्यंत भरून, झाकून ठेवलेला माठ बराच खाली उतरलेला! ती दिवसभर मळ्यात होती, घराला कुलूप होतं. मग पाणी प्यालं कोण? तिनं माठाच्या ओल्या अंगावरून हात फिरवला आणि खुदकन हसली.

"आबा, पानी प्या आन् पटका बांधा. देवदूताला आवतन द्यायला जायचंय!"

वाड्यावर जाऊन तिनं सरळ राजेसाहेबांना मुजरा घातला. "सरकार, देवदूत ईल. पर त्यो लाजरा हाय, मान्सापुढं पीत न्हाई. जामदारखान्यात चांदीची परात ठिवा, सरकारांनी आपल्या हातानं तिच्यात पिंपातली व्हिस्की वतावी आन् कुलूप घालावं. किल्ली मातुर सरकारांपाशीच ऱ्हाऊ द्या."

राजेसाहेबांना गंमत वाटली. त्यांनी परातीत तळ झाकेल एवढी व्हिस्की ओतली, खिडक्या लावून घेतल्या, कुलूप घातलं आणि किल्ली थेट आपल्या गळ्यातल्या मोत्यांच्या कंठ्यात ओवली. "आता बघू कोण पितो ते!"

दुसऱ्या दिवशी वैशाखाचं ऊन पत्र्यावर नुसतं तडतडत होतं. उन्हं कलल्यावर दौलू, सगुणा आणि दिवाणजींसमोर राजेसाहेबांनी स्वतः दार उघडलं, तोच आतून असा भपकारा आला की दिवाणजींनी उपरण्यानं नाक दाबलं. परातीच्या तळाला जेमतेम ओल उरली होती.

"कुणी प्याली?" राजेसाहेब ओरडले.

"सरकारांचा कालचा न्याय काय हुता?" सगुणानं हळूच विचारलं. "किल्ली ज्याच्यापाशी..."

सगळ्यांच्या नजरा मोत्यांच्या कंठ्यावर गेल्या. राजेसाहेबांचा हात नकळत किल्लीकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. दिवाणजींना नेमका तेव्हाच खोकला आला.

"आम्ही? आमच्याच व्हिस्कीचे चोर?"

"तसं म्हनायची माझी काय छाती! सरकार न्हाईत, आबा न्हाईत. मग तिसरा कोन, त्ये सरकारांनीच सांगावं."

"पण देवदूत आहे कुठं? आम्ही त्याच्या तोंडाचा वास घेणार होतो!"

"आन् आता दार उघडल्यावर काय घेतला सरकार? खोलीभर दरवळतोय की! ह्यो वास कुनाच्या तोंडाचा?"

राजेसाहेबांच्या मिशा थरथरू लागल्या, पण त्यांनी हसू दाबलं. "पोरी, परात उघडी होती. पिंप तर बंद होतं!"

"माठबी झाकल्यालाच असतोय सरकार, तरी पानी उतरतंय. पिंपाचं लाकूडबी तसंच, आतलं बाहेर सोडतंय."

"असेल! पण साहेब म्हणाले होते, देवदूत घोट-दोन घोट पितो. आमच्या देवदूतानं पाव पिंप कसं रिचवलं?"

सगुणानं पदर सावरला. "साहेबाच्या मुलखात बर्फ पडतंय म्हनं. हितं वैशाख, आन् डोईवर पत्रा! देवदूत झाला म्हून काय झालं, त्याला तहान लागू नये व्हय?"

मग मात्र राजेसाहेबांना आवरेना. ते पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यांनी चांदीची परात उचलून बक्षीस म्हणून सगुणाच्या हातात दिली. मग गळ्यातला कंठा काढला आणि किल्लीसकट दौलूच्या गळ्यात घातला.

"दौलू, ही किल्ली तुझ्याच गळ्यात शोभते. आमच्या गळ्यात राहिली तर आम्ही चोर ठरतो! पिंप आत्ताच्या आत्ता तळघरात हलवा, कांदे गेले उडत! आणि युवराजांच्या लग्नाची वाट कोण बघतो? तो तहानलेला देवदूत परत यायच्या आत पेले आणा!"