अडकलेली उडी

दाट कारवीच्या रानात एक राज्य होतं. राज्य होतं म्हणून राजाही होता. तो गवा होता आणि बहुतेक वेळ बसून असे.

रानात पाणवठा एकच. पूर्वी पाण्याच्या पाळीवरून शिंगं मोडत, शेपट्या तुटत. म्हणून सरकारने ‘पाणउडी’ नावाचा मोबाइल गेम काढला. पडद्यावरचा ओढा जो आधी ओलांडेल, तो आधी पाणी पिईल. सगळ्या रानाने पुढचा पाय वर करून हा कायदा मंजूर केला. तिथे मत असंच देतात.

गेम छान होता, फक्त चालत नव्हता.

उन्हाळ्यात गर्दी वाढली आणि पडदा अडकू लागला. बायजाक्का साळिंदरीण रोज उडी मारायची. पडद्यावर ती ओढ्याच्या मधोमध, पुढचा पाय वर करून लटकून राहायची आणि तिची पाळी जायची. घरी पिल्लांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. राजेसाहेबांचा गेम मात्र कधीच अडकत नसे. त्यांनी तो अजून उघडलाच नव्हता.

बायजाक्का खेळखात्यावर धडकली. तिथे रानकोंबडा प्रवक्ता होता.

“अवो सायेब, मी कवाच उडी मारलीया! माझं बूड अजून हवेतच हाय. पोरं तहानल्यात माझी!”

“ताई, तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या आहेत. आमची टीम रात्रंदिवस काम करते आहे.”

“कशावर?”

“नव्या अपडेटवर.”

अपडेट आलं. त्यात राजेसाहेबांची शिंगं सोन्याची झाली होती आणि सारखी चमकत होती. त्या चमकण्याने गेम इतका जड झाला, की पहिल्या उडीलाच अडकू लागला. रान खवळलं. माकडांनी फोन आपटले.

रानकोंबडा खडकावर चढला. “मित्रहो! गेम अडकतो ही अफवा आहे. गेम त्याच्या गतीने चालतो, तुम्हीच भरभर जगता! शेजारच्या रानात तर गेमसुद्धा नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या रानात नदी होती, पण ते कुणाला आठवलं नाही.

पाठोपाठ फर्मान निघालं. पडदा थांबला, की प्रजेनेही पडद्यावर दिसते तसंच थांबावं, म्हणजे दोघांत फरक उरणार नाही. जो हलेल त्याचं खातं कायमचं बंद. हरकत असल्यास गेममधलंच बटण दाबावं.

एका दुपारी सगळ्यांचा पडदा ऐन उडीत थांबला. सगळं रान पुढचा पाय वर करून उभं राहिलं. बायजाक्काही राहिली. हलली असती, तर पिल्लांचं पाणी कायमचं तुटलं असतं.

राजेसाहेब उठले, डुलत डुलत पाणवठ्यावर गेले आणि पोटभर प्याले. तोंड पुसून म्हणाले, “हा पाणवठा यापुढे आमच्या एकट्याच्या नावे असावा. कुणाची हरकत?”

बायजाक्काच्या अंगात संतापाची आग उठली. काय व्हायचं ते होवो, असं म्हणत तिने मान वाकवली आणि नाकाने हरकतीचं बटण दाबलं.

रानकोंबड्याने रानभर नजर फिरवली. जिकडेतिकडे पाय वर. “एकमताने मंजूर!” तो आरवला.

बायजाक्काची हरकत सरकारने फेटाळलेली नाही. ती अजून लोड होते आहे.