टिंबी बेडकीचं पाणी

एक होती टिंबी. टिंबी म्हणजे बेडकी. केवढीशी? बाळाच्या अंगठ्याएवढी!

टिंबीचं घर म्हणजे एक घमेलं. अंगणात, पेरूच्या झाडाखाली. उन्हाळा होता ना! म्हणून छोट्या वेणूने पाखरांसाठी त्यात पाणी ठेवलं होतं. पाखरं यायची. चोच बुडवायची. भुर्रकन जायची. टिंबी मात्र तिथेच राहायची. आत डुबुक, बाहेर टुणुक. अगदी मजेत होती बाई.

वेणूचा बाबा लांबच्या शहरात गाडी चालवतो. तो दोन दिवसांसाठी घरी आला होता. आज त्याला परत जायचं होतं. पण आधी गाडीचं कूलंट बदलायचं होतं. कूलंट म्हणजे गाडीचं गार पाणी. त्याने गाडीचं इंजिन थंड राहतं. जुनं झालं की काढायचं. नवं भरायचं.

जुनं काढायला भांडं हवं. आणि बाबाची एक खोड. हाताला लागेल ते उचलायचं! समोर दिसलं घमेलं. आत कोण आहे, बघितलंसुद्धा नाही. भस्सकन पाणी ओतलं. घमेलं सरकवलं गाडीखाली. पान्याने बूच सैल केलं आणि जुनं कूलंट त्यात सोडलं.

टिंबी पडली मातीत. धप्प!

घर गेलं. पाणी गेलं. बेडकीचं अंग ओलं लागतं. सुकलं, तर बेडकी काही जगत नाही.

टिंबी निघाली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक. गेली घमेल्याकडे.

"घमेल्या घमेल्या, मला आत घे."

"नको गं, उडी मारू नकोस! माझ्यात गाडीचं जुनं पाणी आहे. दिसतं हिरवंगार, वास गोडगोड. पण आहे विष. ते कॅनने घेतलं, तर मी रितं होईन. मग तुला घर देईन."

टिंबी निघाली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक. गेली कॅनकडे.

"कॅनदादा, कॅनदादा,
घमेलं रितं होईना,
टिंबीला पाणी मिळेना!"

कॅन म्हणाला, "मी कसं घेऊ? माझ्यात नवं कूलंट आहे, गळ्यापर्यंत. ते रेडिएटर प्यायला, तर मी मोकळा होईन. मग जुनं घेईन."

टिंबी निघाली. टुणुक टुणुक टुणुक. गेली रेडिएटरकडे. तो राहतो गाडीच्या नाकामागे.

"रेडिएटरकाका, रेडिएटरकाका,
कॅन मोकळा होईना,
घमेलं रितं होईना,
टिंबीला पाणी मिळेना!"

रेडिएटर म्हणाला, "मी कसं पिऊ? खाली माझं बूच सैल आहे. वरून प्यायलो, की खालून गळणार. बूच घट्ट बसलं, तर मी पिईन."

ऊन चढलं. माती तापली. पाय चटचट भाजले.

टिंबी निघाली. टुणुक टुणुक टुणुक. गेली बुचाकडे.

"बुचोबा, बुचोबा,
रेडिएटर पिईना,
कॅन मोकळा होईना,
घमेलं रितं होईना,
टिंबीला पाणी मिळेना!"

बूच म्हणालं, "मी कसं बसू? मला काही हात नाहीत. पाना फिरला, तर मी बसेन."

पाना? पाना कुठाय? बाबाही तोच शोधत होता. "आत्ता तर इथे होता! वेणू, पाना बघितलास का गं?"

वेणू बसली होती पाण्याच्या पिंपामागे. तिने मान हलवली. नाही.

पण टिंबीला पिंपामागून बारीकसा आवाज आला. "मी इथे आहे, इथे!"

टिंबी निघाली. टुणुक टुणुक. गेली पान्याकडे.

"पान्यादादा, पान्यादादा,
बूच बसेना,
रेडिएटर पिईना,
कॅन मोकळा होईना,
घमेलं रितं होईना,
टिंबीला पाणी मिळेना!"

पाना म्हणाला, "मी कसा फिरू? वेणू माझ्यावर बसली आहे. मुद्दाम बसली आहे. वेणू उठली, तर मी फिरेन."

टिंबीने मान वर केली. वेणूचे डोळे लाल लाल. नाक गळतंय. फ्रॉकची कड चावून चावून ओली.

"वेणूताई, वेणूताई,
पाना फिरेना,
बूच बसेना,
रेडिएटर पिईना,
कॅन मोकळा होईना,
घमेलं रितं होईना,
टिंबीला पाणी मिळेना!"

वेणू म्हणाली, "मी नाही उठणार! पाना मिळाला, की गाडी नीट होणार. गाडी नीट झाली, की बाबा जाणार. बाबा राहिला, तर मी उठेन."

आता काय करावं?

टिंबी निघाली. टुणुक... टुणुक. अंग सुकलं होतं. घशाला कोरड पडली होती. गेली बाबाकडे.

"बाबा बाबा,
वेणू उठेना,
पाना फिरेना,
बूच बसेना,
रेडिएटर पिईना,
कॅन मोकळा होईना,
घमेलं रितं होईना,
टिंबीला पाणी मिळेना!"

पण मोठ्या माणसांना कुठे कळते बेडकांची बोली? बाबाला ऐकू आलं फक्त डरांव, डरांव.

"काय गं," बाबा म्हणाला, "तूपण मला थांब म्हणतेस? सकाळपासून वेणूही बोलत नाही माझ्याशी. थांबावंसं खूप वाटतं. पण कामावर गेलं नाही, तर काम जातं. नाही थांबता येत मला."

त्याने टिंबीला बोटाने हळूच सावलीत सरकवलं. आणि पुन्हा पाना शोधायला लागला.

टिंबी निघाली. टुणुक. थांबली. टुणुक. थांबली. कशीबशी पोचली वेणूपाशी.

"वेणूताई... वेणूताई...
बाबा राहीना,
वेणू उठेना,
पाना फिरेना,
बूच..."

पुढचं बोलवेना. टिंबीने पाय पसरले. डोळे मिटले.

वेणूने बघितलं.

पाणी पिंपात होतं. पण झाकणाला हात पोचवायचा, तर उठायला हवं. उठलं, की पाना दिसणार. पाना दिसला, की बाबा जाणार. वेणूला हे सगळं ठाऊक होतं. छोटी होती, पण खुळी नव्हती.

वेणूने फ्रॉकची कड पुन्हा तोंडात घातली.

मग तिला रडू फुटलं. आणि रडत रडतच ती उठली.

वेणू उठली आणि पाना पिंपावर आपटला, खण्ण!

वेणूने पिंपाचं झाकण सरकवलं. ओंजळ भरली. टिंबीवर धरली. टप. टप. टप.

टिंबीने एक डोळा उघडला. मग दुसरा.

खण्ण ऐकून बाबा आला. त्याने पाना बघितला. वेणूकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. तो रागावला नाही. तिथेच मातीत बसला. काळ्या हातांनी वेणूला जवळ घेतलं. त्यालाही रडू आलं.

"बाबा, टिंबीचं घर तू घेतलंस," वेणू म्हणाली.

"चुकलंच माझं," बाबा म्हणाला. "चल, परत देऊ."

मग?

पाना फिरला, करकर करकर.
बूच बसलं, घट्ट घट्ट.
रेडिएटर प्यायला, गटगट गटगट.
कॅन मोकळा झाला, खडखड खडखड.
घमेलं रितं झालं. त्यातलं विष कॅनमध्ये गेलं. वर झाकण बसलं, अगदी गच्च.

बाबाने साबण लावला. घमेलं घासलं, खसाखसा. एकदा घासलं. दोनदा घासलं. तीनदा घासलं. ठेवलं पेरूच्या झाडाखाली. वेणूने तांब्या तांब्या पाणी ओतलं.

टिंबीने उडी मारली. डुबुक!

अंग गार झालं. जिवात जीव आला.

आणि गाडी? गाडी सुरू झाली. घर्रर्र. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले, बुडबुड बुडबुड. बाबाने टोपण लावलं. आईने डबा दिला. बाबाने वेणूचा पापा घेतला. एक या गालावर. एक त्या गालावर. एक कपाळावर. आणखी एक उगाच.

गाडी फाटकातून गेली. रस्त्याने गेली. वळली. मग फक्त धूळ दिसत होती.

वेणू घमेल्यापाशी येऊन बसली. खूप रडली. आई तिच्याजवळ बसली. उगी उगी म्हणाली नाही. रडू दिलं.

टिंबीला पाणी मिळालं. वेणूला बाबा नाही मिळाला.

बाबा येईल पुन्हा. पण आज नाही.