धोंडाई टाकीवाली आणि दुसरा हात

बसा, नीट मांडी घालून बसा. पिठात पाय घालू नका. ती मागं खिदळणारी पोर कुणाची आहे, तिनं पुढं यावं, म्हणजे तिला मोकळेपणानं हसता येईल. आणि दिगंबरा, तू दारात कशाला उभा? उंबऱ्याच्या आत ये. नाही बसायचं? बरं, भिंतीला टेकून ऐक.

आज आपण ज्या जात्याभोवती जमलोत, त्याची ही गोष्ट. मी ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. ज्यांनी मला सांगितली त्यांनीही नाही. तरी मी ती खरी मानते. का, ते शेवटाला सांगेन.

फार वर्षांपूर्वी, या खोऱ्यात पिठाची गिरणी यायच्या कितीतरी आधी, आपल्या काळखडीत घरटी एक जातं होतं. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडायचं. मग छिन्नीनं त्याला पुन्हा बारीक खाचा पाडायला लागायच्या. त्या छिन्नीला म्हणतात टाकी. आणि टाकी लावायला यायची धोंडाई. पाथरवटाची बाई. ओढ्यापलीकडं दगडाची खाण आहे ना, तिथं तिची झोपडी होती. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव धोंडा ठेवलं, आणि ही जगली. चांगली दणकट जगली.

"जात्याला टाकीऽऽ लावायची का गं!" अशी तिची हाळी आली की बायका दारात यायच्या. दुसरे टाकीवाले यायचे, दगड उलटा करायचे, ठकठक करून मोकळे व्हायचे. धोंडाईचं तसं नव्हतं. ती आधी जात्यापुढं बसायची, मूठभर जोंधळे टाकायची, दोन-चार फेरे ओढायची आणि दगडाला कान लावायची. मग तिचं सुरू व्हायचं. दळतं कोण? काय दळता? कधीपासून बिघडलं? त्याआधी काय झालं होतं? बायका वैतागायच्या. "अगं बाई, टाकी मार आन् जा की!" ती म्हणायची, "दुखतंय कुठं ते कळल्याबिगर मारू कुठं?"

तिचा डावा कान बहिरा होता. लहानपणी खाणीत सुरुंग उडाला, तेव्हा गेला. पण असं म्हणतात, की त्या बहिऱ्या कानानं तिला दगडाच्या आतलं ऐकू यायचं. कुणी म्हणतात, माणसाच्या आतलंही यायचं. ती उंबऱ्यावर उभी राहिली की आत कोण उपाशी आहे, कोण रडून बसलंय, ते तिला कळायचं. आता खरंच बहिऱ्या कानाला ऐकू येतं का, हे मला लहानपणापासूनचं कोडं आहे. मी स्वतः एक कान बोटानं बंद करून दगडाला लावून पाहिलाय. काही नाही. गार लागतं, बस.

तर त्या काळी माळ्याच्या घरात हौसा नावाची सून होती. नावासारखीच होती म्हणे, गाणारी, बोलणारी, विहिरीवर सगळ्यांच्या नकला करणारी. तिला पहिली मुलगी झाली आणि काय झालं कुणास ठाऊक, हौसा गप्प झाली. केस विंचरेना, जेवेना. पोर रडून रडून निळी पडायची आणि ही भिंतीकडं तोंड करून बसलेली. सासू राऊबाईच्या तोंडचं पाणी पळालं. हौसाचा नवरा शिदू, तो बिचारा नुसता गोठ्यात आणि अंगणात फेऱ्या मारायचा.

गाव काय म्हणणार? बाधा झाली! त्या काळी सगळ्याचं निदान एकच, आणि औषधही एकच. घाटातल्या देवाच्या ठाण्यावर न्यायचं. तिथं खांबाला लोखंडी साखळी होती. ज्याचं डोकं फिरलं त्याला त्या साखळीला बांधायचं, भगतानं अंगारा फुंकायचा, आणि वारं उतरेपर्यंत सोडायचं नाही. काही लोक परत यायचे ते कायमचे गप्प होऊन यायचे. काही यायचेच नाहीत. येत्या अमावस्येला हौसाला न्यायचं आणि पोर लांबच्या आत्याकडं द्यायची, असं ठरलं. सगळं हौसाच्या समोर बसून ठरलं, जणू ती तिथं नव्हतीच.

अमावस्या जवळ आली आणि धोंडाईची हाळी आली. राऊबाई म्हणाली, "बघ बाई, पीठ भरड पडतंय." धोंडाईनं फेरा ओढला, बहिरा कान लावला. म्हणाली, "दगडाला धार हाय. ओढणारा हात कुणाचा?"

"सुनंचा. ती येडी झालीय."

"आणा तिला हितं. हात येडे झालेत का, ते बघू."

हौसाला आणून समोर बसवलं. जात्याचा खुंटा एक आणि हात दोघींचे. मी खुंटा म्हणजे हा लाकडी दांडा म्हणतेय, तो धरून बघा, म्हणजे कळेल. समोरची ओढते की ढिली सोडते, घाईत आहे की दमलीय, सगळं हाताला लागतं. हौसाचा हात खुंट्यावर नुसता पडलेला होता, ओल्या फडक्यासारखा. धोंडाई एकटीच्या जोरानं दोघींचा हात फिरवत राहिली. पायलीभर जोंधळे संपत आले, तेव्हा तिनं हळूच विचारलं. सासूला नाही हं, हौसाला. एवढ्या दिवसांत हौसालाच विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"झोप लागती का?"

हौसानं मान हलवली. नाही.

"कुणी कानात बोलतं का? दिसतं का काही?"

नाही.

"पोरीकडं बघून काय वाटतं?"

दगडाचा एक फेरा झाला. मग हौसा बोलली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "काहीच वाटत न्हाई. म्हणून तर भ्या वाटतं."

धोंडाईचे डोळे भरून आले. म्हणाली, "भ्या वाटतंय ना? मंग तू आत हायेस गं पोरी. कुठं गेलेली न्हाईस."

मग ती राऊबाईकडं वळली. "ही बाधा न्हाई. दुखणं हाय. बाळंतपणात कुणाचा ताप चढतो, कुणाचं दूध आटतं, कुणाचं मन बसतं. माझ्या थोरल्या चुलत बहिणीचं बसलं होतं. आमाला कुणालाच कळलं न्हाई, आन् ती गेली." तिनं पदरानं डोळे पुसले. "रात्री पोरीला तुमी घ्या, हिला झोपू द्या. भरवा. वैद्यबुवांना बोलवा. मला दगडातलं कळतं, औषधातलं न्हाई कळत. आन् रोज पहाटं हिच्यासंगं दळायला बसा. खालच्या गावची जाती करून मी अमावस्येला येते."

राऊबाई कबूल झाली, पण गावानं अट घातली. अमावस्येपर्यंत बरी झाली तर ठीक, नाहीतर साखळी.

इथंच घोटाळा झाला. राऊबाई वाईट नव्हती रे. सुनेला साखळीला बांधलेलं तिलाही बघवणार नव्हतं. पण दिवस थोडे आणि जिवाला घोर. तिनं विचार केला, थोडं दळून ही एक वाक्य बोलली, तर पुष्कळ दळून अख्खी बरी होईल! झालं. तिनं हौसाला पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत जात्यावर बसवलं. गावभर सांगितलं, आमच्या सुनेला दळणाचं औषध लागू पडलंय. बायका काय, मदतीला टपलेल्याच! जी ती आपली पाटी घेऊन हजर. पाटलांचे गहू आले, सुताराची बाजरी आली. सगळं हौसापुढं. आणि समोर कोण बसणार? कुणाला वेळ? शिवाय औषध तिचं, आपण कशाला घ्यायचं? वैद्यबुवांचं तर नावच राहून गेलं. अर्ध्या गावाच्या भाकरी त्या एकटीच्या हातावर झाल्या आणि गाव म्हणतं, आम्ही तिला बरी करतोय.

अमावस्येची सकाळ उजाडली. हौसाच्या तळहातांना फोड आलेले, फुटलेले. तिनं पोरीला सुपात निजवलं, पिठाच्या ढिगाजवळ ठेवलं आणि ती उठून चालायला लागली. ओढा ओलांडून सरळ खाणीच्या कडेशी गेली.

आणि असं म्हणतात, की त्याच घटकेला काळखडीतली सगळी जाती थांबली. एक नाही, दोन नाही, सगळी. बायका ओढतायत, खुंट्याला लोंबकळतायत, घाम फुटला, पण दगड हलायला तयार नाही. बायका धावत अंगणात आल्या. "तुझंही का गं?" "माझंही!" कधी नव्हे ती गावात एवढी शांतता झाली, की त्या शांततेत माळ्याच्या घरातून पोरीचं रडणं सगळ्यांना ऐकू आलं. राऊबाई आत धावली. सुपात पोर, जात्यावर रक्ताचे डाग, आणि हौसा नाही. राऊबाईनं पोरीला उचलून छातीशी धरलं. शिदू अनवाणी धावत सुटला.

इकडं धोंडाई खालच्या गावाहून खाणीच्या वाटेनंच येत होती. कडेशी उभी असलेली हौसा तिला दिसली. ती ओरडली नाही, झडप घातली नाही. शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "हौसे, मी लांबून चालत आलेय. जरा टेकतीस का माझ्यासंगं?" थोड्या वेळानं हौसा टेकली. धोंडाईनं तिचा हात हातात घेतला, फोड पाहिले, आणि काय झालं ते तिला न सांगता कळलं. त्याला काही बहिरा कान लागला नाही.

शिदू पोचला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. तो हौसाच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग तिघं मिळून गावात आले.

अंगणात सगळं गाव गोळा झालं होतं. भगतही साखळी घेऊन घाटातून उतरला होता. धोंडाई त्याच्याकडं गेलीच नाही. ती राऊबाईपुढं उभी राहिली. तिचा आवाज गावानं त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला, असं म्हणतात.

"मी काय म्हणले होते? हिच्यासंगं बसा म्हणले होते! औषध दळण्यात न्हवतं गं बये, समोरच्या हातात हुतं. तू तेवढाच काढून टाकलास!"

 राऊबाई सरळ जात्याकडं गेली, खाली बसली आणि खुंट्याला हात घातला. जातं हललं नाही. तिनं हौसाकडं पाहिलं. "ये गं," म्हणाली, "मी ओढते. तू नुसता हात ठेव. चुकलं माझं." हौसा कितीतरी वेळ उभी राहिली. मग बसली. तिचा फोडांचा हात खुंट्याला लागला मात्र, जातं फिरलं. आणि त्या आवाजासरशी गावातल्या बायका आपापल्या घरी पळाल्या. कुणी जावेला हाक मारली, कुणी शेजारणीला, जिचं कुणीच नव्हतं तिनं नवऱ्याला बसवलं. जिथं दुसरा हात लागला तिथं जातं फिरलं. भगत साखळी घेऊन तसाच उभा होता. राऊबाई त्याला बसल्या जागेवरून म्हणाली, "साखळी ठिवून जा. आमची सून कुठं जाणार न्हाई." आणि तो खरंच ठेवून गेला.

आता तुम्ही म्हणाल, हौसा लगेच बरी झाली. छे! मनाचं दुखणं असं पळत नाही. वैद्यबुवा आले, काढे झाले. चार दिवस बरे जायचे, पाचव्याला पुन्हा भिंतीकडं तोंड. राऊबाई घाबरायची, धोंडाई म्हणायची, "जातं बी एका टाकीत व्हत न्हाई." रोज पहाटे कुणी ना कुणी समोर बसायचं. पावसाळा सरला, हिवाळा आला. एका पहाटे धोंडाई समोर होती. ओढता ओढता तिला जाणवलं, की आपला हात हलका झालाय. पलीकडून कुणीतरी ओढतंय. ती नुसता आपला जोर कमी कमी करत गेली. तेवढ्यात पोर रांगत आली आणि पिठात हात घालून बसली. हौसाचा हात थांबला. तिनं पोरीकडं पाहिलं. खरंच पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही एवढी कधी झाली?"

राऊबाई चुलीपुढं होती, ती तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली.

धोंडाई पुढं म्हातारी होऊन गेली. कुणी म्हणतात ती खाणीत शिरली आणि दगडच झाली, अजून रात्रीची टाकी वाजते. ते जाऊ दे. ही गोष्ट मी खरी का मानते, ते सांगते म्हणाले होते. पलीकडं वाका आणि हौसाच्या या जात्याच्या मधला खिळा पाहा. गावच्या लोहारानं तो त्या साखळीच्या कड्या ठोकून केलाय, असं म्हणतात. साखळी काय, ठाणं काय, आज कुठंच नाही. पण खिळा आहे आणि त्यावर दगड फिरतोय.

तेव्हापासून आपल्या गावात दर वर्षी या अमावस्येला सगळं गाव इथं येतं आणि दोघादोघांनी एकेक मूठ दळतं. बाया, बाप्ये, सगळे. एकट्यानं खुंट्याला हात लावायचा नाही. आणि वर्षभर कुठल्याही घरात कुणी गप्प झालं, कुणाला भलतंसलतं ऐकू यायला लागलं, कुणाची झोप उडाली, तर दारात जाऊन धोंडाईचे प्रश्न विचारायचे. झोप लागते का? घास जातो का? आत काय चाललंय? ज्याला विचारायचं त्यालाच विचारायचं. आता तालुक्याला मनाचे डॉक्टर आहेत, चांगली औषधं आहेत. तिथं न्यायचं, पण एकट्याला एसटीत बसवून द्यायचं नाही. पहिली खेप असो की दहावी, आपल्याकडं आधी विचारतात, दुसरा हात कोण?

झाली गोष्ट. आता पहिली मूठ कोण दळणार?

ए पोरी, थांब, तू नंतर. दिगंबरा, तुझा टेम्पो घाटातल्या वळणावर उलटला त्याला किती महिने झाले? तेव्हापासून तू कुणाशी बोललेला नाहीस. गाव बघतंय, मीही बघतेय, आणि आम्ही नुसतेच बघतोय. ये रे बाळा. बोलायचं नसलं तर नको बोलूस. ओढायचंही नाही. मी ओढते, माझ्या मनगटात अजून जोर आहे.

तू नुसता हात ठेव.