मधलं गाणं

“पण बाबा, त्या दोन गाण्यांच्या मधे माझं गाणं कशाला?”

यशपालने हे तिसऱ्यांदा विचारलं. विचारताना तो उभा होता. मग बसला. मग पुन्हा उठला.

बाबा म्हणजे लाडलेसाहेब. गावच्या रेडिओ केंद्रावर त्यांनी तीस वर्षं तबला वाजवला. आता ते गावाबाहेरच्या तकियात राहतात. फकिरांची उतरायची जुनी जागा, वर कडुनिंब, खाली चटई, आणि चटईवर एक ट्रान्झिस्टर. यशपालला ताल त्यांनी शिकवला. गिटार तो आपला आपण शिकला, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नाही.

“बस, बेटा,” बाबा म्हणाले.

तो बसला. पाय मात्र हलत राहिला.

दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला केंद्रावरून अर्धा तास इथल्याच माणसांची गाणी लागतात. स्वतः रचलेली, स्वतः गायलेली. सिनेमाची नाहीत, कुठल्या कंपनीची नाहीत. एका दिवशी तीन गाणी. आज गुरुवार होता, आणि मधलं गाणं यशपालचं होतं.

तो अर्धा तास आता बंद व्हायच्या बेतात होता. वरून पत्र आलं होतं, की ऐकणारे असतील तर दाखवा, नाहीतर त्या वेळी राजधानीतला कार्यक्रम लावा. केंद्र सांभाळणाऱ्या बाईंनी श्रोत्यांची पत्रं मागवली. महिन्याभरात एकतीस आली. बाईंनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला.

एसटीच्या कंडक्टरचं गाणं छान म्हणून कंडक्टरच्या मेव्हण्याने लिहिलं होतं. भारूडवाल्याची तारीफ त्याच्या सुनेने केली होती. ज्याचं गाणं, त्याच्याच घरचं पत्र. यशपालचं गाणं अजून लागलंही नव्हतं, तरी ते फार आवडल्याचं त्याच्या मावशीने कळवलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

बाई बाबांना म्हणाल्या होत्या, गावभर गाणारे आहेत, ऐकणारा एक सापडत नाही. सोमवारपर्यंत मुदत होती.

यशपालने यावर तोड काढली होती. त्याच्या हातात एक अर्ज होता. खाली एकशे चाळीस सह्या. तो अर्धा तास मला एकट्याला द्या, मग बघा ऐकणारे कसे मिळतात, असा मजकूर. बाईंकडे बाबांच्या शब्दाला वजन होतं. म्हणून सगळ्यात वर बाबांची सही हवी होती.

“ते बुडणारच आहेत, बाबा. मला घेऊन बुडतायत.”

“तू त्यांना ऐकलंस?”

“त्यात ऐकायचं काय?”

बाबांनी अर्ज चटईवर ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पानाचा डबा ठेवला, आणि ट्रान्झिस्टर लावला.

साडेपाच झाले होते. निवेदिकेने नाव सांगितलं आणि कंडक्टर गायला लागला. गाणं घाटाचं होतं. एकेक थांबा, आणि त्या थांब्यावर रोज उतरणारं एकेक माणूस.

यशपाल बोलत होता. चौदा महिन्यांपूर्वी त्याने आवाजाची चाचणी दिली होती. तेव्हापासून केंद्रात किती खेटे घातले, ते त्याने सांगितलं. पुण्यात असतो तर कुठे असतो, ते सांगितलं. आपल्या बोलीत आजवर असं कुणी लिहिलेलं नाही, हेही सांगितलं. मधेच उठून तो फाटकापर्यंत गेला आणि तिथूनही बोलत परत आला. दोनदा त्याने घड्याळ पाहिलं.

बाबा “हं” म्हणत होते. त्यांची बोटं चटईवर चालू होती.

कंडक्टरचं गाणं संपलं.

मग निवेदिकेने यशपालचं नाव घेतलं.

यशपाल गप्प झाला. त्याचा पायही थांबला. हे गाणं त्याने फोनवर शेकडो वेळा वाजवलं होतं, पण आता ते एकाच वेळी गावातल्या चहाच्या टपऱ्यांवर, शिंप्यांच्या दुकानांत आणि त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात पोचणार होतं. त्याचे डोळे भरून आले. त्याला त्याची लाज वाटली नाही. तो ट्रान्झिस्टरकडे सरकला.

“बाबा… लागलं.”

गिटारचे पहिले सूर आले.

“तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?” बाबांनी विचारलं.

“पुढच्या महिन्यात.”

“कुठल्या डोळ्याचं?”

“डाव्या. बाबा, गाणं…”

“डावाच आधी का?”

गुरूने विचारलं तर उत्तर द्यायला लागतं. यशपालने दिलं. मग बाबांनी विहिरीचा दोर कुजत आल्याचं सांगितलं. नायलॉनचा घ्यावा की सुती, यावर त्याचं मत मागितलं. मग शेळीच्या खुराची गोष्ट काढली, आणि ती पहिल्यापासून सांगितली. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा हा माणूस. आज तो दम घ्यायलाही थांबेना.

यशपालचा एक कान बाबांकडे होता, एक ट्रान्झिस्टरकडे. दोन्हीतलं धड काही कळत नव्हतं. त्याने हळूच आवाजाच्या बटणाकडे हात नेला. बाबांनी तो हात मधेच धरला आणि शेळीला कुठला पाला मानवतो ते विचारलं.

बोटं मात्र त्यांची चटईवर चालूच होती. यशपालला ती दिसलीसुद्धा नाहीत.

गाणं संपलं. निवेदिकेने पुन्हा एकदा त्याचं नाव घेतलं आणि पुढचं सांगायला लागली.

बाबा एकदम गप्प झाले.



“गेलं, बाबा.” यशपाल म्हणाला. “चौदा महिने थांबलो. तुम्ही एक ओळ ऐकू दिली नाहीत.”

बाबांनी पानाचा डबा सरळ केला.

“दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी उठून गेलो असतो.”

“कंडक्टरच्या गाण्यात शेवटच्या थांब्यावर कोण उतरतं?”

यशपालने ट्रान्झिस्टरकडे पाहिलं. 

कडुनिंबाची दोन पानं चटईवर पडली. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. यशपाल उठला. आता हा चिडून निघून जाणार, असं कुणालाही वाटलं असतं. तो फाटकापर्यंत गेला, कडीवर हात ठेवून थांबला. कडी वाजली… उघडली नाही.

मागे ट्रान्झिस्टरवर तिसरं गाणं सुरू झालं होतं. तांदूळवाडीच्या दोन बहिणी होत्या. दोघी शिवणकाम करतात, एवढंच निवेदिकेने सांगितलं होतं.

“आवाज वाढव,” बाबा म्हणाले.

त्याने येऊन आवाज वाढवला आणि खाली बसला.

गाणं साधं होतं. लग्न होऊन दूर गेलेली तिसरी बहीण, आणि तिच्या मापाचं अजून घरात पडलेलं पोलकं. धाकटीचा आवाज एका ठिकाणी फाटला. थोरलीने तो सूर खालून उचलला आणि पुढे नेला. पुढच्या कडव्यात तीच जागा आली. यशपाल पुढे वाकला. या वेळी धाकटीने ती एकटीने पार केली.

त्याच्या नकळत त्याची बोटं चटईवर आली होती.

गाणं संपलं. बातम्यांच्या आधीचं संगीत लागलं. बाबांनी ट्रान्झिस्टर बंद केला.



“ती फाटलेली जागा…” यशपाल म्हणाला. मग थांबला. “चांगल्या गायल्या, बाबा. फार चांगल्या गायल्या.”

बाबांनी पानाचा डबा बाजूला केला. अर्ज उचलला, पालथा केला आणि कोरी बाजू वर करून पेनासकट त्याच्या मांडीवर ठेवला.

“हे मला काय सांगतोस?”