सोन्याचा घास

तळ्याकाठच्या एका राजाचा साधा वरणभातही सोन्याच्या वर्खाखाली झाकलेला असे. वडिलांच्या श्राद्धाला त्याने कावळ्याच्या पानालाही वर्ख लावला. धुक्यात ते पान इवल्या सूर्यासारखं झगमगू लागलं. कावळे फांदीवरून स्वप्नात असल्यासारखे बघत राहिले. खाली काही येईनात. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं कसं? सगळं गाव उपाशी ताटकळलं.

“बाबांची काहीतरी इच्छा राहिलीय. अजून वर्ख लावा!” राजा ओरडला.

त्याची म्हातारी आत्या अंबाक्का म्हणाली, “आहे तोही काढ.”

“आत्या, सोन्याला नावं ठेवतेस?”

“मी कोण ठेवणार? तुझे बाबाच सकाळपासून फांदीवर बसून ठेवताहेत.”

राजाने गपचूप वर्ख बाजूला सारला. खालचा पांढरा भात दिसला आणि धुक्यात पंख फडफडले.